कागदी डुकराचे मानकरी

शनिवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी हर्मिनिया काबालेस घराखालच्या गॅरेजमध्ये डुकराचा डावा कान दुमडत होती. उजवा आदल्या दिवशी जमला होता. अमेरिकेतल्या डेली सिटीतलं धुकं घरात शिरताना कुणाला विचारत नाही. त्यानं कागद सर्द होतो आणि सर्द कागदाचा कान उभा राहत नाही. म्हणून गॅरेजात हीटर लावला होता, आणि हर्मीच्या नवऱ्याची, तेमिओची, गाडी महिनाभर बाहेर धुक्यात उभी होती. कलेसाठी त्याग करावा लागतो असं म्हणतात. तो कुणी करायचा, हे सहसा सांगत नाहीत.

हर्मी विमानतळाजवळच्या एका स्वयंपाकघरात कामाला आहे. विमानात जाणाऱ्या जेवणाच्या तबकांवर ती रुमालांच्या घड्या बसवते आणि घरी आली की विश्रांती म्हणून कागदाच्या घड्या घालते. कात्री नाही, डिंक नाही, नुसती घडी. या खेपेला तिनं अख्खी मेजवानी दुमडली होती. खाटकाच्या तपकिरी कागदाचं भाजलेलं सबंध डुक्कर, लुम्पियाच्या तळलेल्या सुरळ्या, हिरव्या कागदाची केळीची पानं, आणि एकाच लांबलचक पट्टीच्या शेवया. वाढदिवसाच्या शेवया तोडल्या की माणसाचं आयुष्य तुटतं, म्हणून कागदाच्याही तिनं तोडल्या नव्हत्या.

रविवारी अकरा वाजता कलादालनाच्या व्हिटलोबाई हे सगळं प्रदर्शनासाठी न्यायला येणार होत्या. बाईंनी फलकाचा मजकूर आधीच पाठवला होता: ‘घडी आणि घास – दोन किनाऱ्यांमध्ये हरवलेल्या ओळखीचा शोध’. आपली ओळख हरवली आहे हे हर्मीला त्या फलकावरूनच समजलं. एरवी ती टाळू म्हटलं तरी टळत नसे. बाजारात कुणीतरी मावशी गाठून ‘किती जाड झालीस गं’ म्हणायची, की ओळख पटलीच. पण फलकाच्या खाली हर्मीचं नाव होतं, एकटीचं. ते नाव भिंतीवर लागलेलं मोठ्या बहिणीनं पाहावं, एवढ्यासाठी हर्मी हवी तेवढी हरवायला तयार होती.

मोठी बहीण म्हणजे क्रेसिंगताई. म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याची तिची दोन घरं आहेत, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला आपणच सांभाळतो असा तिचा समज आहे, आणि तो फारसा चुकीचाही नाही. दर समारंभात ती हर्मीला विचारते, “अजून कागदच का गं?” एखाद्याला ‘अजून खोकला आहे का’ असं विचारावं, तसं.

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आईचा ऐंशीवा वाढदिवस होता. सगळं गणगोत एका छपराखाली येणार, अशी संधी पुन्हा कधी येणार? हर्मीनं दाराजवळच्या टेबलावर कागदी मेजवानी मांडली, कारण उजेड तिथेच चांगला होता.

“‘हात लावू नका’ अशी पाटी लाव,” तेमिओ म्हणाला.

“आईच्या वाढदिवसाला? जेवणावर? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील याचा हर्मीनं पुरता विचार केला होता. लोक काय करतील, एवढाच राहून गेला.

आईनं चाकाच्या खुर्चीतून डुक्कर नीट पाहिलं. “याला वास नाही.”

“कागदाचं आहे, आई.”

“मग एवढं मोठं कशाला केलंस?”

क्रेसिंगताईनं टेबलाला एक प्रदक्षिणा घातली. “कातडी चांगली भाजलीस,” ती म्हणाली. इतकं कौतुक तिनं हर्मीच्या लग्नातही केलं नव्हतं. मग लगेच, “पण एक कान पडलाय.”

“धुक्यानं गं, ताई.”

“आमच्या खऱ्या डुकरांचे कान बरे कधी पडत नाहीत धुक्यानं.”

तरी हर्मी खूश होती. केक कापला गेला, काकांनी माइक धरला तो सोडला नाही, आणि हर्मी भांडी आवरायला आत गेली.

निघताना पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या फिलिपिनो लोकांतला नियम. उरलेलं सगळं चांदीच्या कागदात गुंडाळून प्रत्येकाच्या हातात कोंबायचं. पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा पिशवी उघडायची. शिवाय दाराजवळच्या टेबलावर यजमानांनी द्यायच्या भेटी मांडलेल्या असतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. क्रेसिंगताई तर थोरली. ती दाराशी उभी राहिली.

“घ्या हो, लाजू नका. हर्मीनं स्वतः केलंय. मावशी, तुम्हाला शेवया, तुमची तब्येत नाजूक. तुम्ही घ्या पानं.”

डुक्कर तिनं फादर आन्सेल्मोंच्या हातात दिलं. मानाचा वाटा मानकऱ्यालाच जायचा. फादरनी तीनदा नको म्हटलं.

हर्मी हात पुसत बाहेर आली, तेव्हा टेबलावर एक लुम्पिया होती. फक्त एक. शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे हावरटपणा, म्हणून तो कुणीही घेत नाही. बाकी सगळं नेणाऱ्या माणसांनी तेवढी सभ्यता मात्र कसोशीनं पाळली होती.

“ताई, टेबल कुठंय?”

“हे काय.”

“टेबलावरचं.”

“वाटलं.” क्रेसिंगताईनं तिच्याकडे पाहिलं. “का? कमी पडलं का कुणाला?”

हर्मीनं प्रदर्शनाबद्दल सांगितलं. उद्या अकरा वाजता बाई येणार, फलक छापून झालाय, हेही. आपल्या एकटीच्या नावाबद्दल ती बोलली नाही.

“दाराजवळ मांडलंस,” क्रेसिंगताई म्हणाली. “पाटी नाही. दाराजवळ काय ठेवतात?”

“भेटी.”

“मग?”

ताईचं बरोबर होतं. मोठ्या बहिणींचा हा गुण सर्वांत त्रासाचा असतो.

“मग मागून आण ना परत,” तेमिओ म्हणाला. दोघी बहिणींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो गाडी गरम करायला निघून गेला. दिलेली वस्तू परत मागायची? त्यापेक्षा हॉलला आग लागलेली परवडली.

क्रेसिंगताईनं खुर्ची ओढली. चूक झाली असं ती म्हणणार नव्हती. थोरलं माणूस चुकलं की कामाला लागतं, बोलत नाही.

“त्या भिंतीवर नाव लागतं ना?”

“लागतं.”

“इंग्रजीत?”

“हो.”

“मग झालं. मागायचं कशाला? मी फोन करते. ज्यानं जे नेलं, त्याचं नाव त्याच्या पदार्थाखाली. ‘शेवया, मावशी अमुक.’ पळत आणून देतील. आणि सगळ्यांत वर माझं. मी थोरली.”

“अगं, केलंय मी.”

“वाटलंय मी.”

हर्मीनं त्या एका लुम्पियाकडे पाहिलं. ती घेऊन उद्या बाईंसमोर उभं राहायचं, की वर थोरल्या बहिणीचं नाव आणि खाली मावश्यांची रांग लावायची? ज्या बहिणीला दाखवायला नाव हवं होतं, तीच आता त्या नावाच्या डोक्यावर बसणार होती.

“माझं कुठं?”

“तुझं शेवटी. जेवणात स्वयंपाकीण शेवटीच बसते.”

“बरं. कर फोन.”

व्हिटलोबाईंना हर्मीनंच कळवलं. फलक बदलावा लागेल, नावं वाढलीत.

“किती जणांची?” बाईंनी विचारलं.

“अजून नक्की नाही. काही मावश्या फोन उचलत नाहीयेत.”

“पण हा तर एका व्यक्तीच्या हरवलेल्या ओळखीचा शोध होता ना?”

“सापडली,” हर्मी म्हणाली. “नातेवाइकांकडे होती.”

बाई म्हणाल्या की मग फलकावर मोठं अक्षर जमणार नाही. इकडे क्रेसिंगताईचे फोन संपत आले होते. सगळ्या हो म्हणाल्या होत्या. एका मावशीनं आपल्या नावाआधी ‘निवृत्त शिक्षिका’ हवं, एवढंच सुचवलं.

डुक्कर तेवढं उरलं. फादरना भिंतीवर नाव नको होतं. त्यांचं नाव आधीच पुष्कळ भिंतींवर आहे.

“फादरकडून परत मागता येत नाही,” हर्मी म्हणाली.

“मागता येत नाही. बदलून घेता येतं.”

“कशाशी बदलायचं?”

“डुकराशी,” क्रेसिंगताई म्हणाली आणि मिशन स्ट्रीटवरच्या डुक्कर भाजणाऱ्या दुकानाला फोन लावला. हे दुकान रविवारी सकाळी सहाला उघडतं. पहिलं डुक्कर सातला सळईवरून उतरतं. फादरची पहिली प्रार्थना आठला असते. अदलाबदलीला मधला एक तास पुरे होता.