रडायचं समोरच्यानं

आबांनी मला वाचवलं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी अजून गडबडते आणि मुख्य गोष्टच राहून जाते. आबा नसते तर मी आज कळंबच्या या खोलीत बसून लिहीत नसते.

आबा म्हणजे माझे शेजारी, मधे एकच भिंत. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं. लहानपणी संगीत नाटकाच्या कंपनीत गेले, तिथे गाण्याची, चालण्याची, बोलण्याची तालीम घेतली आणि अर्धं आयुष्य रंगभूमीवर काढलं. टीव्हीवर एखादा नट डोळ्यांत पाणी आणून बोलू लागला, की आबा एसटी थांबवावी तसा हात वर करायचे. "रडायचं समोरच्यानं! तू कशाला रडतुयास?"

मी आठवीत शाळा सोडलेली, पार गोंदियाकडची. इथे कळंबजवळच्या निरवांगीच्या शेडमध्ये डाळिंबं निवडायला आले. संध्याकाळी खोलीत एकटीला भीती वाटायची, म्हणून आबांकडे मालिका बघायला बसायची. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, त्यामुळे मतं मलाही होती.

"आबा, आमच्याकडचे नट खरंखुरं रडतात. अख्खा गाव रडते जी."

"मंग त्याला नट कशापायी म्हनायचं? त्याला बी तिकीट काढून खाली बसवा."

त्यांच्या लेखी खरा शिकलेला नट एकच, त्यांच्या कंपनीत राजाचं काम करणारा. "समोरचा बोलताना ऐकायचा गं त्यो. बाकीची आपलं वाक्य कवा येतंय म्हनून टपून बसत्यात, उंदरापुढं मांजर बसल्यावानी." एका नाट्यशाळेत शिकलेल्या नामांकित नटाला त्यांनी बरेच दिवस निरखलं आणि निकाल दिला, "शिकलाय. पर शिकल्यालं दिसतंय."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. आबांचं वेगळेपण एवढंच, की एखादं काम करून दाखवताना त्यांची भाषाच बदलायची. "हितं बस, चा घे" म्हणणारा माणूस मान सरळ करायचा आणि असं स्वच्छ, घोटीव बोलायचा, की मी कप खाली ठेवायची. लगेच पुन्हा, "बग गं, भाकर करपली का."

एका सकाळी दारात जीप थांबली. मामा उतरला. मला त्यानेच वाढवलेलं. "लग्न ठरलं तुझं. सामान घे, चाल." नवरा माझ्या दुप्पट वयाचा, हे मला तिथे जीपपाशी कळलं. "मी नाही येत," एवढंच कसंबसं म्हणाले. मामाने माझं मनगट धरलं.

आबा बनियनवरच बाहेर आले. मला हायसं वाटलं. आता मान सरळ होणार, आवाज लागणार, मामाची बोलती बंद होणार! तसलं काहीच झालं नाही. आबांनी जीपचं दार गच्च धरलं आणि ते थरथरायला लागले.

"तुम्ही कोण हिचे?" मामाने विचारलं.

"मी... मी कोन बी न्हाय हिचा." आबांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. "पर पोरगी न्हाय म्हनतीया नव्हं? मंग न्हाय. मला घाला गाडीखाली."

मी हादरले. मामा माझ्याहून जास्त. म्हातारा माणूस असा रडताना बघून गल्ली गोळा झाली, बायका मामाला बोलायला लागल्या. मामाची पकड सैल झाली. जीप रिकामी गेली.

"आबा, किती छान काम केलं तुम्ही," मी हुंदके देत म्हणाले.

"काम कसलं बोडक्याचं! एक वाक्य सुचलं न्हाय मला." आणि नाक पुसत आत गेले.

गेल्या महिन्यात आबा न्हाणीत घसरून पडले. फार लागलं नव्हतं, पण पुण्याहून मुलगा न्यायला आला. आदल्या संध्याकाळी आबा मला म्हणाले होते, "मला न्हाय जायाचं गं. त्या फ्लॅटात कोंडून मरंन मी." मला वाटलं, सकाळी मोठा तमाशा होणार.

सकाळी आबा इस्त्रीचं धोतर नेसून बाहेर आले. डोळे कोरडे. मान सरळ.

"चला! पुण्याचं हवामान उत्तम असतं. मंडळी, आता निरोप असावा."

"आबा लई खूश हायती," शेजारच्या काकू म्हणाल्या. मुलाच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी ती भाषा ओळखली. माझ्याकडे वळून आबा म्हणाले, "येतो. प्रकृतीला जपावं." एकदाही 'गं' म्हणाले नाहीत. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, यांना जायचं नाहीये! तोंडातून शब्द फुटायच्या आत गाडी वळणावर गेलीसुद्धा.

आता भिंतीपलीकडे काही वाजत नाही. आबा, शेडचं काम थांबलं की मी पुण्याला येणार आहे. एवढ्या मोठ्या शहरात मी कधी गेले नाही, तुमच्या मुलासमोर काय बोलायचं तेही सुचलेलं नाही. पण त्याला खरं काय ते सांगेन आणि तुमचं मन असेल तर तुम्हाला कळंबला परत आणेन. भाकरी मी करेन, न्हाणीत हाताला धरून नेईन. हा माझा शब्द.