जळलेली टाच

आप्पांनी माझ्या पायाच्या अंगठ्यात पिन खुपसली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सत्काराचा कार्यक्रम होता. शहाद्याकडचं एक गाव, केळीचं आणि उसाचं. भारताच्या संघात माझी निवड झाली म्हणून शाल-नारळ द्यायचा होता. स्टेजला नुसत्या पायऱ्या. मग दोघांनी मला व्हीलचेअरसकट उचललं आणि धान्याचं पोतं ठेवावं तसं वर ठेवलं. पाहुण्यांच्या छातीवर लावायचे बिल्ले टेबलावर होते. त्यातल्या एकाची पिन आप्पांनी सोडवली, माझा मोजा उतरवला आणि माईकवर सांगितलं,

"दखा! ही पोरले छातीखाले काहीच समजस नही. तरी भारतना संघमा गई!"

मग पिन. रक्ताचा थेंब आला. मला खरंच काही समजलं नाही, मी तो नुसता पाहिला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. बाकी सगळ्यांनी टाळ्या दिल्या. त्या वेळचा फोटो आमच्या घरी आहे. त्यात मी हसते आहे.

आप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे मालक. कागदावर अध्यक्ष, पण आम्ही सगळी मालकच समजायचो. अपंग मुलांचं वसतिगृह त्यांचं, शाळा त्यांची, आजूबाजूची जमीनही त्यांचीच, पिढ्यान्‌पिढ्या. आमची डोंगरातली माणसं त्यांच्या शेतात कापूस वेचायला उतरतात. माझी आईही उतरायची. त्यामुळे त्यांच्यासमोर मान खाली घालायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी धडगावकडची. पावरा आदिवासी. दिवाळी झाली की आमचा अख्खा पाडा गुजरातला ऊस तोडायला जातो. ट्रक भरला की उसावरच बसून कारखान्यापर्यंत जायचं, अशी पद्धत. मी लहान होते. एका वळणावर ट्रक कलला आणि मी खाली. छातीखालचं सगळं गेलं. मुकादमानं त्याच संध्याकाळी दुसरी टोळी कामाला लावली. मला पुढे आप्पांच्या वसतिगृहात टाकलं.

हात मात्र राहिले. पायांचंही काम हातांनीच करायचं म्हटल्यावर हात असे झाले की वसतिगृहातली पोरं माझ्याशी पंजा लढवायला घाबरायची. ते हात बघूनच एका कोचनं मला बसायच्या स्कीसाठी निवडलं. दोन अरुंद पट्ट्या, त्यांवर एक खुर्ची, त्या खुर्चीला आपल्याला पट्ट्यांनी आवळून घ्यायचं आणि हातातल्या काठ्या बर्फात रोवून स्वतःला पुढं ढकलायचं. मैलोन्‌मैल. आता नंदुरबार जिल्ह्यात बर्फ मिळतो तो फक्त गोळेवाल्याकडे. म्हणून त्या पट्ट्यांना चाकं लावली आणि म्हसावदच्या बाजूच्या डांबरी रस्त्यावर, वैशाखात, माझा बर्फाचा सराव सुरू झाला. बैलगाडीवाले थांबायचे. "हाई काय नवीन गाडी शे वं?" म्हणायचे. मी म्हणायची, "विमान शे, बाजूले सरका."

देशात ही स्की खेळणाऱ्या बायका शोधून सापडत नाहीत. म्हणून माझी किंमत होती. मी परदेशी गेले की माझ्याबरोबर एक व्यवस्थापक जाणार होता, आणि तो व्यवस्थापक आप्पा. भारत लिहिलेलं जाकीट त्यांना आधीच मिळालं होतं. ते घालून ते शहाद्याच्या बाजारात भर उन्हात फिरायचे. घाम पुसायचे, पण चेन उघडायचे नाहीत.

शेवटचं शिबिर हिमाचलात होतं. लाकडी इमारत, चारी बाजूंनी बर्फ, खाली गावाकडं जाणारा एकच रस्ता आणि तोही अधूनमधून बंद. खोलीत माझ्याबरोबर निर्मला होती, तिथलीच, एका हाताची, उभ्यानं स्की खेळणारी. खोलीच्या मध्यावर लोखंडी शेगडी. तिथं तिला बुखारी म्हणतात. लाकडं टाकायची, धूर नळीतून बाहेर जातो.

आमच्याकडं थंडीत सगळं घर आगीभोवती झोपतं. पाय आगीकडं, डोकं भिंतीकडं. पायाला ऊब लागली की अंग झोपतं, असं आई म्हणायची. जन्मापासूनची सवय. त्या दिवशी सराव करून आले, अंगात त्राण नव्हतं. दुपार होती. मी गादी खाली ओढून घेतली, हातांनी पाय उचलून बुखारीकडं केले आणि आडवी झाले. विचारही केला नाही. पाय आगीकडं करताना माणूस विचार कशाला करेल?

निर्मलाच्या ओरडण्यानं जागी झाले. "दीदी, कुछ जल रहा है!"

वास मलाही आला. कोंबडी भाजताना पिसं जळतात तसा. मी शेगडीत बघितलं, अंथरुणाकडं बघितलं. पायाकडं सगळ्यात शेवटी. उजवी टाच लोखंडाला चिकटली होती. मोजा वितळून कातडीत गेला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळत होतं आणि निर्मलाला कळलं.

मी आप्पांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. मी म्हटलं, मला खाली दवाखान्यात न्या. ट्रकवरून पडले तेव्हा दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, माझ्यासारखीच पाठ मोडलेली. तिच्या कमरेला एवढीशी जखम झाली होती. आधी लाल, मग पांढरी, मग काळी, मग हाडापर्यंत. दुखत नव्हतं म्हणून ती स्वतःच हसायची. एका सकाळी तिची खाट रिकामी होती. हे सगळं मी आप्पांना सांगितलं.

ते म्हणाले, "तुले दुखस का?"

"नाही."

"मंग कसाले बोंब मारस? जखम दिसनी का नाव कटी जाई. कोनले सांगू नको. चाचणी व्हई जाऊ दे."

आणि जाता जाता, हसून, "तुम्ही डोंगरना लोके. आग दखी का पाय टाकतस."

चाचणी जवळ आली होती. तिच्यातून संघ कायम व्हायचा होता. मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण मला पाय ठेवून जायचं होतं.

गाडी त्यांच्या हातात, औषधाची पेटी त्यांच्या हातात. रोज सकाळी ते स्वतः यायचे, टाचेला मलम फासायचे, वर प्लास्टिक गुंडाळायचे, त्यावर दोन मोजे. दाराला आतून कडी. निर्मलाला बाहेर काढायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कोचला मी गाठायला गेले की आप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे. "थक गई है," म्हणायचे आणि खुर्ची वळवायचे.

टाच पांढरी झाली. मग कडेनं काळी रेघ आली. रोज ती रेघ थोडी आत सरकायची.

आणि माझं डोकं फुटायला लागलं. हे मला सांगायचंच आहे, कारण ते कुणाला माहीत नसतं. पाय मला काही सांगत नाही. पण पायाला काही झालं की डोक्यात घण पडतात, मानेवर घाम सुटतो, दंडावर काटा उभा राहतो. अंग ओरडतंच, फक्त दुसऱ्या तोंडानं. बर्फात बसून माझ्या कपाळावरून घाम गळत होता. ते मी आप्पांना सांगितलं, निर्मलाला कळावं म्हणून हिंदीतच. निर्मला तेव्हा तिथंच होती. आप्पा म्हणाले, "ते थंडीमुये." थंडीमुळे घाम! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

चाचणीच्या सकाळी आभाळ खाली आलं होतं. वारा पडला होता. कोणी मोठे पाहुणे आले होते, कॅमेरेवाले होते. आप्पांनी मला स्कीवर बसवलं आणि पट्टे आवळायला घेतले. छातीचा, मांडीचा, मग पायाचा. पायाचा पट्टा टाचेवरूनच जातो. त्यांनी गुडघा टेकवून तो जोर लावून ओढला. माझ्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. कानात ठोके पडायला लागले. मला त्या रिकाम्या खाटेची चादर दिसली.

"पट्टा सोडा, आप्पा."

"गुमान बठ."

पाहुणे वाकून बघत होते. आप्पा त्यांना हिंदीत म्हणाले, "इसको तकलीफ होती ही नहीं, साहब. यही तो कमाल है."

मला राग आला. इतका राग मला ट्रकवरून पडल्यावरही आला नव्हता, कारण तेव्हा मला वाटलं होतं की असंच असतं. मी दोन्ही काठ्या फेकून दिल्या. एक आप्पांच्या पायाशी पडली. मी ओरडले, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतच,

"मैं नहीं जाऊँगी! पहले मेरा पैर देखो!"

आप्पांनी माझा हात धरला. मी तो झटकला. सांगितलं ना, माझ्या हातांना पोरं घाबरायची. पट्टा मीच सोडला. दोन्ही मोजे ओढले, प्लास्टिक ओढलं. कातडीचा तुकडा प्लास्टिकबरोबर आला. बर्फावर ती टाच कोळशासारखी काळी दिसत होती. मग वास सुटला आणि पाहुणे मागं सरले.

कोच धावत आले. आप्पा लगेच म्हणाले, "इसने मुझे बताया ही नहीं."

"बताया था," मी म्हणाले. "इन्होंने कहा, दर्द नहीं होता तो चुप बैठ."

मग मागून निर्मला बोलली. "पसीने की बात मेरे सामने बताई थी." तिचं नाव त्याच दिवशी कायम व्हायचं होतं. तरी बोलली.

पुढचं थोडक्यात सांगते. खालच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टाच कापली, हाडाचा तुकडा काढला. आणखी उशीर केला असता तर पाय गेला असता, आणि त्यानंतर तूही, असं सरळ सांगितलं. संघ माझ्याशिवाय गेला. निर्मला गेली. माझं नाव कुणी घेतलं नाही.

मी नंदुरबारला जिल्हा कार्यालयात आप्पांची तक्रार केली. तेव्हापासून आप्पा सगळीकडं सांगतात की पोरीनं स्वतःचा पाय आगीत घातला, जंगली सवय, आणि वर बदनाम त्यांना केलं. पाय मीच आगीकडं केला, हे खरं आहे. ते मी कुठंही सांगेन. पण त्या आगीनं कातडी नेली होती. हाड आप्पांनी नेलं.

परवा दोन माणसं जीप घेऊन आमच्या पाड्यावर आली. खाटेवर बसली. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. सपाटीवरची ही माणसं आमच्या घरचं पाणी पीत नाहीत, कोंबडी मात्र घेऊन जातात. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. बाबाशी बोलले.

"पोरले समजाड. आप्पानी तिनाकरता काय नही करं? आते सोमवारले नंदुरबारले सुनावणी शे म्हने. घाटना रस्ता शे. जीप कधी कोठे पडी जाई, सांगता येस नही."

मग उठले. त्यातल्या एकानं जाताना माझ्या व्हीलचेअरचं चाक बुटानं हळूच ढकलून पाहिलं. खुर्ची उतारानं थोडी सरकली. मी हातानं थांबवली.

ते गेल्यावर बाबानं माझ्या खुर्चीच्या चाकाला दगड लावला. मग आमच्या बोलीत म्हणाला, नको जाऊ. जिवंत तर राहशील.

बाबाला मी वाईट म्हणणार नाही. त्यानं एकदा मला रस्त्यावरून उचललेलं आहे.

पण वसतिगृहात आता एक नवी पोरगी आणलीय. तोरणमाळकडची. जन्मापासून तिच्या पायांत जीव नाही, हात चांगले आहेत. तिला आप्पांनी चाकाच्या स्कीवर बसवलंय, रस्त्यावर सराव सुरू आहे. मी फोन केला तर म्हणाली, आप्पा चांगले आहेत ताई, मला बर्फ दाखवणार आहेत. मी विचारलं, पाय रोज बघतेस का? ती हसली. म्हणाली, त्यात काय बघायचं?

मला भीती वाटते. रोज वाटते. घाटात खाली बघितलं की नदी दोऱ्याएवढी दिसते आणि कठड्याचे दगड जागोजाग निखळलेत. मला उडी मारता येणार नाही, पळता येणार नाही. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर ते घाटाचं बोलले.

मी गेले नाही तर आप्पा त्या पोरीला बर्फावर नेतील. तिलाही थंडी वाजेल. तीही आमच्यातलीच आहे, ती पाय आगीकडं करूनच झोपेल. आणि सकाळी दाराला आतून कडी लागेल.

सोमवारी पहिली जीप उजाडताच सुटते. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, पुढची जागा माझी. मी जाणार आहे.