कोपराखाली चार बोटं

आत्या गेल्याची बातमी दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा मी नोएडाला साइटवर होते. ‘गृहसजावटीची आवड असलेल्या, मनमिळाऊ सुनंदाताई यांचे दुःखद निधन.’ आवड! चाळीस वर्षं दिल्लीतल्या लोकांची घरं आणि ऑफिसं तिनं आतून मांडून दिली, ती आवड? मग डॉक्टरलाही नाडी बघायची आवड असते म्हणा. दीड महिना झाला, पण तो शब्द अजून डोक्यात जातो.

मुंबईत रीतसर इंटिरिअर डिझाइन शिकून, लग्नानंतर ती लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. तेव्हा इथे या कामाला कुणी व्यवसाय समजतच नव्हतं. इमारत आर्किटेक्टची, फर्निचर सुताराचं आणि उरलंसुरलं साहेबांच्या बायकोच्या हौसेवर सोडलेलं. "आंटीजी, आप बस पर्दे और रंग बता दीजिए," असं ठेकेदार म्हणायचे. आत्या पडदे राहू द्यायची आणि थेट स्वयंपाकघरात शिरायची. घरातल्या बाईला परातीत कणीक मळायला लावायची आणि तिच्या कोपराशी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची. ओटा त्या रेघेखाली चार बोटं. "सुताराला काय विचारता? मळणार कोण आहे?" लोक हसायचे. मग वर्षा-दोन वर्षांनी त्याच बायका पाठ दुखायची थांबली म्हणून फोन करायच्या.

त्या ठेकेदारांचा राग येतोच, पण खरा राग माझा मला येतो. मी आर्किटेक्ट झाले ती तिचं बघून. आमच्या फर्मकडे नोएडातल्या एका ऑफिसचं काम आलं, तेव्हा आतलं सगळं तिनं आखलं... कुणी कुठे बसायचं, उजेड कुठून यायचा, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलींच्या खुर्च्या किती उंच हव्यात. नकाशाच्या कोपऱ्यात नावं घालायचं काम माझ्याकडे होतं. बॉस म्हणाले, "यार मंजू, डिझाइन में फर्म का ही नाम रहने दो. आंटी तो घर की हैं." आणि मी, तिची सख्खी भाची, मुकाट्यानं तिचं नाव खोडलं. उद्घाटनाला ती आली. दारावर काम करणाऱ्यांच्या नावांची पाटी होती, ती तिनं खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "खुर्च्या बिल्कुल बरोबर झाल्यात गं." एवढंच. चांगली कडाकडा भांडली असती तर... पण नाही भांडली.

मागच्या रविवारी घराला रंग द्यायला पेंटर आला. त्यानं फ्रिज सरकवला आणि मागे तिची रेघ दिसली, माझा ओटा करताना मारलेली. "मॅडम, ये निशान मिटा दूँ?" मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा ब्रश घेऊन बाहेरच गेला. मग मी वाकून बघितलं. रेघेशेजारी आत्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मंजूचं कोपर’. तिचं नाव कुठे सापडतंय का म्हणून मी सगळी भिंत बघितली.

नव्हतं. तिथेही माझंच होतं.