खारी हरळी, गोडी हरळी

शेजारच्या मळ्यातल्या मामींनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहायला घेतलं की आभार राहून जातात.

मी खाडीकाठचा. सातवीत शाळा सुटली आणि कामासाठी चांदवडकडच्या एका कांद्याच्या मळ्यात आलो. आमच्या गावी खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. त्यावर चिवट गवत, आम्ही त्याला खारी हरळी म्हणायचो. पान चावलं की जिभेवर मीठ. तुऱ्याला दोनच बोटं. खेकड्यानं बांधाला भोक पाडलं की ज्याला आधी दिसेल त्यानं गवताचं ढेकूळ काढून त्यात ठोकायचं. ढेकूळ कुणाच्या बाजूचं, हे कुणी विचारत नाही. विचारेपर्यंत खाडी आत.

इथल्या बांधावर तिची चुलत बहीण भेटली, साधी हरळी. चव गोडसर, तुऱ्याला चार-पाच बोटं, कोंबडीच्या पायासारखी. पण पेरापेराला मुळं धरायची खोड तीच. तिला बघून मला गावचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी कांद्याला पाणी देत होतो. बांधात घुशीचं बीळ, पाणी भळाभळा पलीकडं चाललेलं. मी कुदळीनं पलीकडच्या अंगाची हरळी ढेकळासकट काढली, बिळात ठोकली. पुन्हा कुदळ उचलली तोच पाठीत लाथ बसली.

पलीकडचा म्हणजे माझ्या मालकाचाच चुलतभाऊ. "बांध कोरतो का रं? तुझ्या मालकानंच शिकवलं ना तुला?"

"नाही हो, भोक पडलं होतं..."

"ए बोंबील, तुझ्या टकुऱ्यालाच पाडतो आता भोक!"

इकडे बांध कोरणं म्हणजे दुसऱ्याची जमीन खाणं, हे मला कुठं ठाऊक? फावड्याचा दांडा कानशिलावर बसला. तोंडात रक्त आणि माती. त्याच्या धाकट्या भावानं माझा उजवा हात बांधावर दाबून धरला.

"ज्या हातानं कोरलं तो ठेवायचाच नाय."

फावड्याचं पातं वर गेलं. हात गेला तर मला काम कोण देणार, एवढंच डोक्यात.

मामी त्या फावडं उगारणाऱ्याचीच बायको. भाकरी घेऊन आल्या होत्या. टोपलं टाकून त्या माझ्या हातावर पालथ्या पडल्या. फावडं थांबलं नाही. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं, उसाचं कांडं मोडावं तसं.

"घाल अजून!" त्या खालूनच ओरडल्या. "बांध तुमचा, गवत तुमचं, ह्या पोराचा हात बी तुमचाच का?"

तो मागं सरला. मामींनी धड असलेल्या हातानं हरळी उपटली, चावून माझ्या कानशिलावरच्या जखमेवर दाबली. "पळ. मालकाकडं जाऊ नको, तो तुला बांधाच्या भांडणात साक्षीला उभा करील."

आता मी शहरात एका गोदामात पोती उचलतो, दोन्ही हातांनी. कुणी मोठ्यानं बोललं की मान आपोआप खाली जाते. मामींचा खांदा वाकडाच बसला, असं कळलं. मी मळ्यात होतो तेव्हा त्यांनी एकदा विचारलं होतं, "समुद्र खरंच खारट हाय का रे, का फेकतो?"

मामी, एक दिवस तुम्हाला आमच्या बांधावर नेईन. खारी हरळी चाखवीन. हवं तिथलं ढेकूळ काढून दाखवीन, कुणी हात धरणार नाही.