दोन डोळ्यांत उभा राहणारा सादडा

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. मुळात मी मोजमापाचा माणूस... त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट. मी भिंगारचा. तोड झालेल्या डोंगरांवर जंगल परत किती वाढलं, त्यात लाकूड किती, याचा अंदाज विमानातून घेतलेल्या फोटोंवरून काढायचा, ही माझी नोकरी. विमान पुढे सरकताना थोड्या अंतराने घेतलेले एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिले, की कागदावरची झाडं उभी राहतात. एका डोळ्याने आम्ही फोटो बघतच नाही — सवयच तशी.

खर्ड्याजवळच्या एका डोंगरावर, कोवळ्या वाढीत, मला एक थोराड सादडा, म्हणजे ऐनाचं झाड, दिसला. साहेबांनाही दिसला. पण जागेवर गेलेल्या माणसांनी कळवलं, तिथे नुसता खुंट आहे. फोटो गेल्या हिवाळ्यातले. म्हणजे झाड त्यानंतर चोरीला गेलं, असं ठरलं आणि तिथल्या फॉरेस्ट गार्डच्या, भानुदासच्या, निलंबनाची तयारी सुरू झाली. शहानिशेला मला पाठवलं.

"सायेब, त्ये झाड माझ्या लहानपनीच तोडल्यालं हाय," भानुदास म्हणाला. "पर माझं कुनी ऐकंना."

खुंटाला फुटलेले धुमारे पोटरीएवढे जाड झाले होते. हे वर्षभराचं काम नव्हे. माणूस खरं बोलत होता, मला मनापासून बरं वाटलं. पण मग फोटोत काय होतं?

तिथेच खडकावर फोटो आणि भिंगं मांडली. एक डोळा मिटला — खुरटी झुडपं. दुसरा मिटला — तीच झुडपं. म्हणजे दोन्हींपैकी एकाही फोटोत सादडा नव्हता. दोन्ही उघडले, तर सादडा उभा.

मग फोटोंची डावी-उजवी अदलाबदल केली. असं केलं की सगळं उलटतं, टेकडीचा खळगा होतो, झाडं जमिनीत गेल्यासारखी दिसतात. काही न सांगता भानुदासला बघायला लावलं. "न्हाई दिसत" म्हणाला असता तर त्याच्याच फायद्याचं होतं. तो बराच वेळ वाकून राहिला.

"समदी झाडं खड्ड्यात गेल्यात, सायेब," तो हळूच म्हणाला. "सादडा तेवढा उभा हाय."

खुंट जुना आहे, असं मी अहवालात लिहिलं आणि त्याची नोकरी वाचली. सादड्याबद्दल त्यात एक अक्षरही लिहिलं नाही. त्या दिवशी डोंगर उतरताना मात्र, येताना खुंटाजवळून सरळ आलेला भानुदास लांबून वळसा घालून गेला. मीही त्याच्या मागोमाग तसाच गेलो.