चौथ्या सीटचं हाड

फुलंब्रीची विशाखा चौतिसाव्या वर्षी नर्सिंगला गेली तेव्हा गल्लीतल्यांनी नाकं मुरडली. पहिल्याच वर्षी ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत ती आपटली तेव्हा त्यातल्या काहींना बरंच वाटलं. दोन लेकरं सासूच्या, भामाबाईंच्या हवाली करून ती रोज शहरात शिकायला जायची. "या बारीला नाय निघाले तर शिकणं बंद, शिलाई मशीनवर बसते," असं तिनंच सासूला सांगून टाकलं होतं.

घात केला होता मनगटानं. एवढ्याशा जागेत आठ हाडं, चार-चारच्या दोन ओळी, आणि नावं अशी की जिभेला गाठ पडावी. घोकंपट्टी तिला कधीच जमली नाही. शेवटी तिनं सकाळच्या एसटीतच मनगट मांडलं. दोन सीट इकडं, दोन तिकडं, म्हणजे ओळीत चार माणसं. तीही रोजची, रोजच्याच जागेवर. पुढच्या ओळीत खिडकीला भाजीवाल्या लक्ष्मीबाई स्कॅफॉइड, शेजारी त्यांची जाऊ ल्युनेट, मग पतसंस्थेतले शिवराज ट्रायक्वेट्रल आणि पलीकडच्या खिडकीला पुंजाराम. मागच्या चौघांचंही बारसं झालं. शहराच्या वेशीवरचं हर्सूल येईस्तोवर विशाखा उभ्यानं हजेरी घ्यायची आणि ही मोठाली माणसं निमूट "हाय" म्हणायची.

पुंजाराम एका सरकारी बंगल्यावर माळी होते. त्यांच्या वाट्याला आलं पिसिफॉर्म, वाटाण्याएवढं.

"समद्यात बारकं हाड माझंच व्हय?" ते रुसले.

मग विशाखानं त्यांचा अंगठा त्यांच्याच मनगटावर, करंगळीच्या बाजूला टेकवला. हात सैल सोडला की तिथं ते हाड बोटाखाली जरासं हलतं. साठ वर्षं अंगात असलेली वस्तू म्हाताऱ्याला त्या दिवशी सापडली आणि त्यांचा रुसवा गेला. तेव्हापासून नाव पुकारलं की ते आधी मनगट चाचपायचे, मग सांगायचे, "हाय जागेवर."

परीक्षेच्या तीन आठवडे आधी पुंजाराम झोपेतच गेले. त्यांच्या सीटवर दुसरा कुणी प्रवासी बसायला लागला. विशाखा हजेरी घ्यायची, पण तिसऱ्या नावानंतर थेट मागच्या ओळीकडं वळायची. कुणी तिला टोकलं नाही.

परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी हाताचा सांगाडा पुढं सरकवला. विशाखा सांगू लागली, "स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल..." आणि तोंडाला कुलूप लागलं. तीन आठवडे टाळलेलं नाव ऐनवेळी येणार कुठून?

मॅडमनी गुणांचा कागद जवळ ओढला. विशाखाला शिलाई मशीन दिसायला लागलं. घाबरून तिनं एका हातानं दुसरं मनगट धरलं आणि अंगठा नेमका करंगळीच्या बाजूला गेला. तिथं वाटाण्याएवढं काहीतरी हललं.

"पिसिफॉर्म," ती म्हणाली. पुढची चार तिनं एका दमात सांगितली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र ती पुंजारामांसाठी पहिल्यांदा रडली.

ती पास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हजेरीचं काही कारण उरलं नव्हतं, तरी ती एसटीत उभी राहिली. तिसऱ्या नावानंतर थांबली आणि चौथं नाव पुकारलं. त्या सीटवरचा माणूस गोंधळून इकडंतिकडं बघत राहिला.

लक्ष्मीबाईंनी भाजीची पाटी पायाशी सरकवली, आपलंच मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाय जागेवर."