पिच्चरमधलं बारकं

आमच्या डबिंग स्टुडिओत किस्से साठत जातात, कोपऱ्यातल्या जुन्या वायरींसारखे. गुंता होतो, पण फेकवत नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे, शपथ. म्हणजे, खोटं फार थोडं आहे.

राजारामपुरीत आम्ही कार्टून पिच्चर मराठीत आणतो. संवाद मी लिहितो. असल्या विनोदी पिच्चरांचा नियम ठरलेला: बाप बावळट, आई फोनवर, थोरला मार खाणार आणि घरातली सगळी अक्कल डायपरमधल्या बारक्याकडं. यंदाच्या बारक्याला आवाज मालूआक्कांचा. वय एकसष्ट. नोकरीभर त्यांनी बसस्टँडवर गाड्या पुकारल्या.

*

पहिल्याच दिवशी बारकं रडतं तो सीन. आक्का रडल्या. रेकॉर्डिंगवाला बाबू म्हणाला, "आक्का, रडणं झ्याक हाय, पण चंदगड गाडी लागल्यागत वाटतंय."

"मग? तिथंबी पोरं रडतातच की."

*

निर्मात्यांकडून आलेल्या पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, खरंखुरं बाळ आणून बघू. बाबूनं आठ महिन्यांचा भाचा आणला. माइकसमोर तो दोन तास गप्प. नुसता मॅडमकडं बघत बसला.

आक्का म्हणाल्या, "शाणं हाय. ॲग्रीमेंटशिवाय तोंड उघडलं न्हाय."

*

मग मॅडमचा पुढचा मुद्दा. "बाळ मनातल्या मनात बोलतं, तेही शुद्ध हवं. 'न्हाय' नको, 'नाही' म्हणा."

"बाई, त्याला अजून दात न्हाईत. शुद्ध कुठनं बोलंल?"

मॅडमनी वही मिटली. पिच्चरच्या शेवटी बाळाचा तोंडानं बोललेला पहिला शब्द आहे, तो जमला नाही तर सगळं बाळ पुण्यात परत डब होईल, म्हणाल्या. इकडं आक्कांनी सबंध गल्लीला सांगून ठेवलेलं, "पिच्चरमधलं बारकं म्हंजे मी." त्या दिवशी आक्का चहालाही थांबल्या नाहीत.

*

शेवटचा सीन. थोरला रुसून पलंगभर पसरलाय. बारकं रांगत येतं, त्याच्याकडं बघतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं बोलतं. मी लिहिलं होतं, "दादा." पण पडद्यावर त्याचं तोंड तीनदा उघडत होतं. नऊ टेक वाया गेले. मॅडम पुण्याला फोन लावायला उठल्या.

"एकडाव थांबा," आक्का म्हणाल्या. लाल दिवा लागला. बारक्यानं तोंड उघडलं.

"सरक की."

पडद्यावरचा थोरला सरकला.

मॅडम बाहेर गेल्या आणि फोन लावला त्यांनी. पुण्यालाच, पण धाकट्या बहिणीला.

बहीण मी रचली. मॅडमना धाकटा भाऊ आहे.